कान सगळ्यात शेवटी: घोडा आणि स्वार एका फोटोत आणताना

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना हे कळेल. तुम्ही माणसांची पोर्ट्रेट्स काढता, हात बसलेला आहे. एका घोडेस्वार बाईंनी त्यांच्या बावीस वर्षांच्या काळ्या घोड्यासोबत फोटो काढायला बोलावलं. तासाभरात चारशे फ्रेम झाल्या. घरी येऊन बघता तर घोड्याचं डोकं भोपळ्याएवढं आणि धड शिंगराचं. बाई छान आल्यात तिथे घोड्याचे कान मागे, कान पुढे आहेत तिथे बाईंचे डोळे मिटलेले. आणि निम्म्या फोटोंत घोडा म्हणजे नुसता काळा डाग. पंधरा दिवसांनी पुन्हा जायचंय. तर कोणती लेन्स घेऊ, आणि फ्लॅश चालेल का, असं तुम्ही विचारताय.

लेन्स आणि फ्लॅश, दोन्हींचं सांगते. पण मला वाटतं तुमचं घोडं अडलंय ते तिथे नाही. तुम्ही माणसाच्या फोटोचा क्रम घोड्याला लावलात. माणसाला आपण आधी बोलतं करतो, चेहरा खुलवतो, आणि मग हनुवटी जरा खाली, खांदा इकडे, असं बारीकसारीक सांगतो. मधे दोन मिनिटं गेली तरी बिघडत नाही, कारण माणूस तो चेहरा पुन्हा आणू शकतो. घोडा नाही आणत. घोड्याचं कुतूहल म्हणजे काडेपेटीतल्या काड्या. मोजक्याच असतात आणि ओढलेली काडी पुन्हा पेटत नाही. तुम्ही पोचल्या पोचल्या चुटक्या वाजवल्या असणार, शिट्टी मारली असणार, कोणीतरी बादली खडखडवली असणार. पहिल्या दहा मिनिटांत पेटी रिकामी. मग लक्षात आलं असणार की मागे कुंपणाचा खांब बाईंच्या डोक्यातून उगवलाय.

माझा क्रम असा: जागा, उजेड, घोड्याचे पाय, मान, मग स्वार, आणि कान सगळ्यात शेवटी. कान येतात तेव्हा हातात तीन-चार सेकंद असतात. तोवर बाकी सगळं होऊन गेलेलं असायला हवं.

एक गोष्ट मात्र मी इथून सांगू शकत नाही, ती तुम्हीच बाईंना विचारा: हा फोटो कशासाठी हवाय? घोडा विकायचा असेल तर शरीराची ठेवण स्वच्छ दिसणारा, बाजूने काढलेला, चारही पाय मोकळे असलेला फोटो लागतो, आणि त्यात भावना वगैरे आणायच्या नसतात. स्पर्धेतल्या जोडीसाठी असेल तर पूर्ण सामानासह, स्वार घोड्यावर. घरात भिंतीवर लावायचा असेल तर दोघांमधलं नातं. बावीस वर्षांचा घोडा म्हणजे म्हातारा घोडा. बाई बोलल्या नसतील, पण त्यांना हा बहुधा आठवणीसाठी हवा असणार. तसं असेल तर जमिनीवर, घोड्याशेजारी उभ्या असलेल्या बाई हाच तुमचा मुख्य फोटो. त्या घोड्यावर बसलेला एखादा घ्या, पण त्याच्यामागे दिवस घालवू नका. पुढचं सगळं मी हे धरून लिहितेय.

आता भोपळ्याचं. हा लेन्सचा दोष नाही, अंतराचा आहे. घोडा साधारण अडीच मीटर लांब असतो. तो तुमच्याकडे तिरका तोंड करून उभा आहे आणि तुम्ही त्याच्या डोक्यापासून दोन मीटरवर आहात, तर पुठ्ठा, म्हणजे त्याचा मागचा मांसल भाग, चार मीटरवर असेल. म्हणजे डोकं पुठ्ठ्याच्या मानाने दुप्पट मोठं दिसणार. तुम्ही दहा मीटरवर गेलात तर डोकं दहावर आणि पुठ्ठा बारावर. फरक उरला सव्वापटीपेक्षाही कमी, आणि डोळ्याला तो घोड्यासारखा घोडा दिसतो. म्हणून आधी मागे सरका, आणि मग त्या अंतरावरून फ्रेम भरेल अशी लेन्स लावा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ७०-२०० मिमी असेल तर घोड्याचं सगळं काम होतं, माझं बहुतेक काम त्याच एका लेन्सवर चालतं. तुमच्याकडे ८५ मिमी आहे म्हणालात. तीही चालेल: पूर्ण घोडा घ्यायला पुरते, आणि जवळचा फोटो हवा असेल तर लांबूनच काढून नंतर क्रॉप करा. नवी लेन्स आत्ता घेऊ नका. दुसऱ्या खेपेला आधी पावलं मोजा.

कॅमेऱ्याची उंचीही इथेच सांगते, कारण माणसांचे फोटो काढणारे हमखास आपल्या डोळ्याच्या उंचीवरून काढतात. पूर्ण घोडा घेताना कॅमेरा त्याच्या धडाच्या मध्यावर हवा, म्हणजे कोपराच्या जरासा वर. गुडघा टेकून बसा. उभं राहून काढलात तर पाय आखूड आणि पाठ रुंद दिसते. नुसतं डोकं-मान घ्यायची असेल तर घोड्याच्या डोळ्याच्या उंचीला या, हवं तर किंचित खाली.

फोकसची खोली हा इथला दुसरा खड्डा. माणसाच्या चेहऱ्याला खोली फारशी नसते, म्हणून एफ २.८ वर, म्हणजे अपर्चर मोठं उघडून, काढायची सवय लागते. घोड्याचं डोकं तिरकं असेल तर डोळ्यापासून नाकपुडीपर्यंतच हातभर अंतर. २०० मिमी लेन्स, पाच मीटर अंतर, एफ २.८ या हिशेबाने स्वच्छ दिसणारा पट्टा जेमतेम दहा सेंटिमीटरचा. डोळा टोकदार, नाक लोणी. त्यात शेजारी बाईंचा चेहरा वीत-दीड वीत मागे असेल तर तोही गेला. आठ मीटरवर आणि एफ ४ वर गेलात की हाच पट्टा ३८ सेंटिमीटरच्या आसपास होतो. मी बहुतेक वेळा एफ ४ ते ५.६ मध्ये असते आणि मागचं धूसर करायचं काम अपर्चरवर न सोडता जागेवर सोडते: घोड्याच्या मागे वीस-तीस मीटर मोकळं असलं की मागचं आपोआप विरघळतं. प्राण्यांचा डोळा शोधणारा फोकस असेल तर वापरा, पण काळ्या घोड्यावर तो कधीकधी चमकती नाकपुडीच डोळा समजून पकडतो. दर काही फ्रेमनंतर मोठं करून बघा. शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नको. घोडा शांत उभा असला तरी माशी बसली की कातडी थरथरते, कान फिरतात, डोकं झटकतं.

आता काळा डाग. यावर जरा थांबते, कारण काळ्या घोड्यावर माझे स्वतःचे पहिले दोन-तीन प्रयत्न फुकट गेले होते.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. फ्रेमभर काळा घोडा असला की तो त्याला करडा करायला निघतो, आणि त्या नादात बाईंचा चेहरा पांढरा फटक. मग तुम्ही घाबरून उजेड कमी करता, तर घोडा कोळसा. या हेलकाव्यातून सुटायचा मार्ग म्हणजे मीटरचं ऐकणं सोडून देणं. बाईंच्या चेहऱ्यावर एक्स्पोजर ठरवा, मॅन्युअलवर ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, आणि घोड्याला त्याच्या नशिबावर सोडा. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा उजेड बरोबर असतो. काळी कातडी उजेड गिळते, पण तिच्यावरचे केस आरशासारखे असतात. काळ्या घोड्याचा आकार आपल्याला दिसतो तो त्याच्या रंगामुळे नाही, त्याच्या चकाकीमुळे. खांद्याचा स्नायू, मानेची कमान, गालाचं हाड, हे सगळं त्या चकाकीने रेखलं जातं. चकाकी यायला समोर काहीतरी मोठं आणि उजळ हवं, जे त्या केसांत उमटेल. दुपारचं कडक ऊन म्हणजे एक छोटा दिवा: पाठीवर एक पांढरा चट्टा आणि बाकी अंधार. पातळ ढगांचं आभाळ म्हणजे दिव्यांचं छतच. नाहीतर सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्ताआधीचा तासभर, उजेड एका बाजूने तिरका.

आणि त्याआधी खरारा. काळ्या घोड्यावर धूळ करडी दिसते आणि धूळ बसलेला केस चमकत नाही. बाईंना सांगा की तुम्ही यायच्या आधी नेहमीसारखा पूर्ण खरारा झाला पाहिजे, आणि शेवटी एक ओलसर फडकं डोळ्यांच्या कोपऱ्यांत, नाकपुड्यांभोवती फिरवायचं. तोंडाभोवतीच्या लांब मिशा मात्र फोटोसाठी कापायला सांगू नका. त्या घोड्याला नाकासमोरचं चाचपायला लागतात. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानेही १ जुलै २०२१ पासून त्या कापलेल्या घोड्यांना स्पर्धेत बंदी केली आहे. फोटोत त्या मागून उजेड आल्यावर सुंदर दिसतात, हे माझं मत.

तुमच्या जोडीसाठी मी असते तर तबेल्याच्या दारातला फोटो घेतला असता. काळ्या पार्श्वभूमीवरचे, स्टुडिओत काढल्यासारखे दिसणारे घोड्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. त्यातले बरेचसे स्टुडिओत काढलेले नसतात, तबेल्याच्या दारात काढलेले असतात. कृती अशी. एक रुंद दार शोधा ज्याच्यासमोर उजळ मोकळी जमीन आहे, पण दारात थेट ऊन येत नाही. आतली, मागची सगळी दारं-खिडक्या बंद करा, लटकलेल्या बादल्या-दोर हलवा. घोड्याला आतून चालवत आणा आणि छपराची सावली जमिनीवर जिथे संपते त्या रेषेच्या हातभर आत थांबवा. आता त्याचं डोकं, मान, खांदा यांवर समोरच्या आभाळाचा मऊ उजेड आहे, आणि एक पाऊल मागे गेलं की तो उजेड झपाट्याने ओसरतो. पुठ्ठ्यापर्यंत पोचेस्तोवर काहीच उरत नाही. समोरची वाळू किंवा फिकी माती खालून वर उजेड फेकते, त्यामुळे हेल्मेटच्या कडेखाली बाईंचे डोळे अंधारात जात नाहीत. घोड्याच्या डोळ्यात बघा: त्यात अख्खं बाहेरचं मैदान उमटलेलं दिसेल. जिवंत डोळा म्हणतात तो हा.

दोन सूचना. घोड्याची नजर अंधारातून उजेडाला किंवा उलट सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ घेते, म्हणून दारात आणल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहू द्या. आणि तुम्ही दाराच्या बरोबर समोर ठाण मांडू नका. दचकलेला घोडा पुढे निघतो, त्याची वाट मोकळी हवी. तुम्ही आठ मीटरवर, एका बाजूला. बाई घोडा आणि चौकट यांच्या फटीत नकोत, मोकळ्या बाजूला हव्यात.

पाय. माणसांचे फोटो काढणारे पायांकडे बघतच नाहीत, आणि घोडेवाले आधी पाय बघतात. माझा एक जुना फोटो होता, संध्याकाळचं ऊन, वाऱ्यावर आयाळ, मी त्याच्यावर बेहद्द खूश. घोड्याच्या मालकाने दोन सेकंद पाहिला आणि म्हणाला, “माझा घोडा तीन पायांचा आहे का हो?” पलीकडचा पुढचा पाय अलीकडच्या पायामागे बरोबर लपला होता. मला तो तोवर दिसलाच नव्हता, नंतर दुसरं काही दिसेना.

तर पूर्ण घोडा बाजूने घेताना: तुमच्याकडचा पुढचा पाय सरळ उभा, पलीकडचा त्याच्या जरा मागे. मागच्या पायांचं उलट: तुमच्याकडचा जरा मागे, पलीकडचा पुढे. म्हणजे चारही दिसतात. मागचा एक पाय टेकवून, खूर नुसतं टोकावर ठेवून घोडा उभा असेल तर तो विश्रांती घेतोय. ते वाईट नाही, पण कंबर एका बाजूला खचलेली दिसते. पाय हाताने उचलून मांडायच्या फंदात पडू नका. घोड्याला दहा पावलं फिरवून पुन्हा जागेवर आणून थांबवा. चालत येऊन थांबलेला घोडा बहुधा नीट उभा राहतो. एखादाच पाय चुकला असेल तर धरणाऱ्याने खांद्यावर हलकं बोट लावून एक पाऊल मागे किंवा पुढे न्यायचं. दोनदा-तीनदा करून जमलं नाही तर सोडून द्या आणि कंबरेपासून वरचा फोटो घ्या. खूर उंच गवतात बुडालेले असतील तर ही सगळी मेहनत वाया जाते हेही ध्यानात ठेवा.

आयाळ कोणत्या बाजूला पडते ते आधी विचारून घ्या. मानेची कमान दाखवायची असेल तर आयाळ नसलेली बाजू, आणि नुसतं रूप दाखवायचं असेल तर असलेली.

स्वाराबद्दल. बाईंना घोड्याच्या पुढे उभं करू नका, खांद्याजवळ उभं करा, आणि त्यांचा चेहरा व घोड्याचा डोळा कॅमेऱ्यापासून एकाच अंतरावर येतील असं बघा. फोकसचा वरचा सगळा हिशेब त्याने सोपा होतो. हात नाकावर नको, मानेवर सपाट. नाकावर हात गेला की घोडा हुंगतो, ओठ हलवतो, चाटतो. दोघांनी कपाळाला कपाळ लावलेला तो लोकप्रिय फोटो मागतील तर काढा, पण एवढं माहीत असू द्या की घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, कपाळासमोरचं अगदी जवळचं त्याला दिसत नाही. जिच्यावर त्याचा विश्वास आहे तीच बाई हे करू शकते. त्यातही बाईंचा चेहरा लपतो, म्हणून मी अशा वेळी त्यांना कपाळ न टेकवता घोड्याच्या गालाला बाजूने गाल लावायला सांगते.

कपडे एकरंगी. लाल रंगाने घोडा बिथरेल का असं लोक विचारतात. घोड्याला निळा आणि पिवळा बरा कळतो, तांबडा-हिरवा आपल्यासारखा वेगळा कळत नाही. त्याला बिथरवतं ते फडफडणं. वाऱ्यावर उडणारा स्कार्फ काढून ठेवा. काळ्या घोड्याशेजारी बाईंनी काळा कोट घातला तर मुंडकं तेवढं तरंगताना दिसेल.

सामान: जाड रंगीत हॉल्टरने (घोडा धरायला डोक्यावर चढवायचे पट्टे) चेहरा झाकतो. बारीक, काळा किंवा चामड्याचा हॉल्टर, किंवा स्वच्छ पुसलेलं ब्रायडल, म्हणजे लगामासह डोक्यावरचा साज. दोर नंतर पुसून टाकायचा असेल तर तो सरळ खाली लोंबू द्या, घोड्याच्या छातीवरून आडवा जाऊ देऊ नका. आणि दोर हाताला गुंडाळून कोणीही धरायचा नाही, फोटोसाठी सुद्धा नाही.

यावर माझा एक धडा आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी गुंडाळी केलेला रिफ्लेक्टर घोड्यासमोर फटकन उघडला. तो गोल पांढरा पडदा फुलला तसा घोडा एका झेपेत सहा फूट बाजूला. धरणाऱ्या मुलीने दोर हाताला एक वेढा दिला होता. तळहाताची साल निघाली, बोट वाचलं ते नशीब. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून रिफ्लेक्टर मी लांब, घोड्याला दिसेल अशा जागी, आधीच उघडून आणते, आणि बहुतेक वेळा आणतच नाही. वाळूच रिफ्लेक्टर.

फ्लॅशचं उत्तर यातच आलं. फ्लॅशच्या एका लखलखाटाने घोड्याचे डोळे जातात असं काही नाही. धोका दचकण्याचा आहे, आणि उजेडापेक्षा सॉफ्टबॉक्सच्या हलण्याचा, स्टँड पडण्याचा जास्त आहे. तुमची ही दुसरी खेप आहे, घोडा म्हातारा आहे, फ्लॅश नेऊ नका. कधी वापरायची वेळ आलीच तर बाई घोड्यावर नसताना, लांबून, एकेक फ्लॅश मारून त्याची प्रतिक्रिया बघत जवळ या, आणि स्टँडला वाळूची पिशवी बांधा. कॅमेऱ्यावर बसवलेला फ्लॅश मात्र कधीच नको. घोड्याच्या डोळ्यात मागे आरशासारखा पडदा असतो, तो अंधारात समोरून आलेल्या उजेडाला निळसर-हिरवं परत फेकतो, आणि घोडा भुतासारखा येतो.

आता कान.

तुमच्यासोबत एक माणूस लागेल. घोडा धरणारा वेगळा, हा वेगळा. याचं काम एकच: सांगितल्यावर आवाज करणं, आणि न सांगता गप्प राहणं. दुसरं पहिल्यापेक्षा कठीण असतं. मी त्याला माझ्या मागे उभं करत नाही. घोड्याने जिकडे बघावं असं मला वाटतं तिकडे, पाच-सात मीटर बाजूला, शक्यतो झाडाआड उभं करते. कारण घोडा आवाजाकडे नुसते कान वळवत नाही, डोकंही वळवतो.

सगळं जुळलं, पाय बरोबर, मान बरोबर, बाईंचा श्वास सुटला, की मी हात वर करते. पहिल्या वेळी तो फक्त कोरडं पान चुरगाळतो. पुष्कळदा तेवढं पुरतं. दोन्ही कान टवकारतात, मान जरा उंचावते, नाकपुड्या किंचित उघडतात, आणि मी सहा-आठ फ्रेम घेते. दुसऱ्या खेपेला प्लॅस्टिकची पिशवी. मग बादलीत मूठभर दाणे. मग मोबाइलवर दुसऱ्या घोड्याच्या खिंकाळण्याचं रेकॉर्डिंग, जे विलक्षण काम करतं, पण दोनदाच. तिसऱ्यांदा घोडा तुमच्याकडे असं बघतो की आपलीच लाज वाटावी. सगळ्यात शेवटचं हत्यार म्हणजे तो माणूस झाडाआडून हळू बाहेर येऊन पुन्हा नाहीसा होतो. हलक्यापासून जोराकडे जायचं, कारण जोराचं आधी केलं की हलक्याला घोडा भीक घालत नाही. शेजारी कोणी घोड्यावर बसून सराव करत असेल तर यातलं काहीही नाही. तुमच्या खिंकाळण्याने दुसऱ्याचा घोडा उधळला तर तुम्हाला पुन्हा कोणी दारात उभं करणार नाही.

हाताने खाऊ देऊ नका, निदान शेवटपर्यंत. एकदा गाजर दिसलं की पुढचा अर्धा तास घोडा खिसे तपासतो आणि प्रत्येक फोटोत जबडा वाकडा.

आणि दोन्ही कान पुढे हाच एक चांगला चेहरा, हा हट्ट धरू नका. बाई घोड्यावर बसलेल्या असताना एक कान मागे वळलेला असेल तर तो त्यांचं ऐकतोय. जाणत्या स्वाराला तोच फोटो आवडतो. वाईट ते चपटे, मानेला चिकटलेले कान. मागे वळलेला कान आणि चपटा कान यांतला फरक दोन दिवस तबेल्यात नुसतं बसून बघितलं की कळतो, मी तो शब्दांत सांगायचा प्रयत्न करून दमले आहे. २०१४ साली संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी मांडली. तिच्यात सहा गोष्टी आहेत: ताठ मागे गेलेले कान, आक्रसलेले डोळे, डोळ्यावरच्या भागातला ताण, गालाचा उठून आलेला स्नायू, घट्ट मिटलेलं तोंड, ताणलेल्या नाकपुड्या. पोर्ट्रेट काढणाऱ्याने ही यादी पाठ करावी. असा चेहरा वारंवार दिसला तर तुमच्या बादलीने तो सुधारणार नाही. थांबा आणि बाईंच्या कानावर घाला. बावीस वर्षांच्या घोड्याचे सांधे आखडलेले असू शकतात, कडक फरशीवर उभं राहणं त्याला जड जात असेल.

म्हणून वेळही आखडता घ्या. चारशे फ्रेम आणि तासभर हे फार झालं. वीस मिनिटं काम, मग घोड्याला मोकळं फिरू द्या, चरू द्या, मग वाटलं तर आणखी पंधरा. सकाळी काढणार असाल तर आधी बाईंना त्याला थोडं चालवून आणायला सांगा, अंग मोकळं होतं.

घोड्यावर बसलेल्या फोटोबद्दल थोडक्यात. कॅमेरा बाईंच्या गुडघ्याच्या उंचीला, लगाम दोन्ही बाजूंना सारखा, टाच खाली, रिकीब पायाच्या चवड्याखाली, पाठ सरळ. त्यांची मांड पक्की असेलच, पण फोटो म्हटलं की लोक ताठ होतात. चार पावलं चालवून थांबायला सांगा. हेल्मेटची सावली डोळ्यांवर येत असेल तर हनुवटी वर करायला सांगू नका, सगळ्या जोडीलाच उजेडाकडे वळवा. चालता-धावताना हवं असेल तर शटर १/१००० च्या वर. १८७८ साली मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून दाखवलं की भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात, पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. तोवर चित्रकार ते पुढे-मागे ताणलेले रंगवत आले होते. डोळ्यावर विसंबू नका, एकेका टापेला तीन-चार फ्रेम घ्या आणि निवड घरी करा. पण तुमच्या कामात याची गरज पडणार नाही असं मला वाटतं.

एडिटिंग. दोर पुसा, लीद पुसा, डोळ्याच्या कोपऱ्यातली घाण पुसा. पण डोळ्यांवरचे ते खोल गेलेले खळगे, भुवईवरचे पांढरे केस, खांद्यावरचा जुना व्रण, यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. वयाने हे सगळं येतं आणि बाईंनी ते येताना पाहिलंय. एकीने मला पुसलेला व्रण परत आणायला लावला होता. पाठ वाकलेली असेल तर ती सॉफ्टवेअरने सरळ करण्यापेक्षा समोरून तिरका कोन घ्या, त्यात ती कळत नाही. आणि विक्रीच्या फोटोत पाय किंवा पाठ दुरुस्त करणं ही सरळ फसवणूक आहे. ते काम आलं तर नको म्हणा.

शेवटचं एक, जे मला फार उशिरा सुचलं. झालं, संपलं, असं तुम्ही म्हणाल, बाई ब्रायडल काढतील, घोडा अंग झाडेल, डोकं त्यांच्या खांद्यावर घासेल, त्या धक्का खात हसतील आणि काहीतरी पुटपुटतील. त्या वेळी बहुतेक फोटोग्राफर बॅग भरत असतात. कॅमेरा आठ मीटरवरच ठेवा, एक्स्पोजर तेच, एफ ४. बॅग नंतर भरता येते.